गुडघ्याशी ठेवलेला खडा

"मग तो म्हणाला काय?" मठातल्या ऊधोबाबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

सारंगनं वही पुढं केली. हाताला बांधावरचा चिखल तसाच होता, पानाच्या कडेला त्याची बोटं उमटली.

"सगळं टिपलंय, बाबा. पाटील बोलत होते तेव्हाच टिपलं. पहिल्या वाक्यात भीतीचा धाक. दुसऱ्यात करुणेची भीक. तिसरं विषयांतर. चौथ्यात मुद्दा सोडून माझ्या वयावर घसरले. शेवटी नुसती वितंडा. स्वतः काही मांडायचं नाही, दुसऱ्याचं तेवढं मोडायचं."

"ही तू ठेवलेली नावं झाली," बाबा म्हणाले. "तो काय म्हणाला?"

सारंगनं वही उलटीपालटी केली...

पाटील काय म्हणाले ते वहीत नव्हतं.

आता सारंग काही मठ्ठ नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पळसतळ्याच्या कुंभारवाड्यातलं हे पोर नऊ वर्षांपूर्वी मठात आलं, तेव्हा त्याला धड अक्षरओळख नव्हती. आता कुणीही बोलायला तोंड उघडलं की सिद्ध काय करायचंय, कारण कोणतं दिलं, दाखला कुठला जोडला आणि चूक कुठे झाली, हे त्याला बोलणं संपायच्या आत दिसे. प्रत्येक चुकीला त्याच्याकडे एक नाव होतं. मठात त्याला पंडित म्हणत. चेष्टेनं म्हणत, पण तो ते खरं धरून चालला होता.

आणि काल भर गावासमोर त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

प्रश्न गावच्या तळ्याचा होता. तळं काठोकाठ भरलं होतं. बांधाच्या पायथ्याशी दर साली थोडं पाणी पाझरे, नितळ पाझरे, बाया त्यात भांडी विसळत. यंदा चार दिवसांपासून तो पाझर गढूळ येत होता. बांधाची माती आतून वाहून चालली होती.

परवापासून हस्त नक्षत्र लागणार होतं. हस्ताचा पाऊस, म्हणजे गावाच्या तोंडचा हत्ती, एकदा कोसळू लागला की हाताबाहेर जातो. बांध फुटला तर पहिला घास कुंभारवाड्याचा. तिथं सारंगची थोरली बहीण ठकू राहत होती. तिचे दिवस भरत आले होते.

सारंगचं म्हणणं सरळ होतं. बांधातून पाणी सोडायच्या मोरीचा लाकडी दट्ट्या काढा, तळं निम्म्यावर आणा. तुळाजी पाटील नाही म्हणाले. त्यांच्यामागं गाव नाही म्हणालं. आज उन्हं कलली की पुन्हा सभा होती, आणि तीच शेवटची.

"तुझं म्हणणं खरं आहे ना?" बाबांनी विचारलं.

"खरं आहे."

"त्यात दोष?"

"एकही नाही. मी रात्री तीनदा तपासलं."

"मग ऐकलं का नाही त्यांनी?"

हाच प्रश्न घेऊन तर सारंग पहाटेपासून बांधावर फिरला होता.

"कारण त्यांना वाद कशाशी खातात ते ठाऊक नाही," तो म्हणाला. म्हणताना त्याचा आवाज चढला, हे त्याचं त्यालाच आवडलं नाही.

बाबा उठले. वय झालं होतं, उठायला वेळ लागला. कोनाड्यातून त्यांनी काळा खडा आणला आणि खाली बसून स्वतःच्या उजव्या गुडघ्याशी ठेवला.

खड्याची रीत मठात जुनी होती. जो आधी बोलेल त्याच्या गुडघ्याशी हा खडा. दुसऱ्यानं उत्तर द्यायच्या आधी पहिल्याचं म्हणणं, म्हणजे पूर्वपक्ष, आपल्या तोंडानं मांडून दाखवायचा. पहिल्याला पटलं की होय, मला हेच म्हणायचं होतं, तर तो खडा समोर सरकवी. मग उत्तराची मुभा. खडा आपण होऊन उचलायचा नाही, तो मिळावा लागतो. कधी कधी त्यापायी सबंध दिवस जाई. सारंगला मनातून ही रीत वेळकाढू वाटे. गावच्या सभेत तर त्याला ती आठवलीही नव्हती.

"मी तुळाजी," बाबा म्हणाले. "सांग, माझं म्हणणं काय?"

"बाबा, वेळ नाही..."

"तुळाजी. बाबा नव्हे."

सारंग सावरून बसला.

"तुम्हाला बांधातलं कळत नाही, आणि कळत नाही हे कबूल करायला—"

बाबांनी खड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बरं. तुम्हाला पाणी हवंय. हरभऱ्याला, गव्हाला."

"पाणी कुणाला नको असतं?"

खडा जागेवर.

सारंगनं डोळे मिटले. कालची सभा आठवायची तो धडपड करू लागला. आश्चर्य म्हणजे त्याला स्वतःचा प्रत्येक शब्द आठवत होता. पाटलांचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

"तुम्ही म्हणता," तो हळूहळू बोलू लागला, "दट्ट्या एकदा निघाला की पाण्याच्या जोरापुढं परत बसत नाही. निम्म्यावर आणू म्हटलं तरी सगळं तळं जाणार. आणि मग हत्ती आलाच नाही, तर उन्हाळ्यात प्यायला थेंब नाही."

बाबांचा हात खड्याकडे गेला.

"आणखी एक होतं," बाबा म्हणाले. "ते तिसरं. विषयांतर म्हणालास. कशाचं?"

सारंगनं पान शोधलं. ओळ होती. 'झिरा: विषयांतर.' शेजारी दोन रेघा मारलेल्या.

"झिऱ्याचं काहीतरी होतं. पाणी आटलं की तळ्याच्या तळाशी खड्डा खणतात, तो झिरा. त्याचं इथं काय?"

"काय होतं त्या झिऱ्याचं?"

"लिहिलं नाही."

"का?"

"कारण ते विषयांतर होतं, बाबा."

...

बाबांनी हात मागं घेतला.

"जाऊन विचार त्याला," बाबा म्हणाले. त्यांनी खडा पंच्याच्या टोकात गुंडाळला आणि पंचाच सारंगच्या हाती दिला. "हा घेऊन जा."

"सूर्य डोक्यावर आला. उन्हं कलली की सभा आहे."

"म्हणून पळत जा."

वाट बांधाच्या खालून होती. सारंग पाझरापाशी थांबला आणि ओंजळ भरून घेतली. पाणी सकाळपेक्षा दाट होतं, ओंजळ रिती केली तरी तळव्यावर मातीचा थर राहिला. त्यानं तो धोतराला पुसला आणि लगेच दुसरी ओंजळ घेतली, जणू पहिलीनं खोटं सांगितलं असावं.

ठकू दारात उभी होती, एक हात कमरेवर.

"ठरलं का रं काही?"

"ठरेल."

"हे म्हणत्यात, मडक्यांचा आवा पेटलाय, थंड व्हायला तीन दिस. तोवर हालायचं न्हाई. सभेत ठरंल तसं करू म्हणत्यात." तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तुझं तोंड असं का झालंय?"

"पळत आलोय," सारंग म्हणाला आणि पुन्हा पळाला.

तीन दिवस आवा आणि दोन दिवसांवर हस्त. हा हिशोब त्याच्या डोक्यात घण घालत होता.

तुळाजी पाटील ओसरीवर दोर वळत बसले होते. साठीचा माणूस, हात मात्र झाडाच्या मुळांसारखे. त्यांनी मान वर केली नाही.

"या, पंडित. आजून काय काय चुकलंय आमचं?"

सारंग समोर बसला. धाप लागली होती. पंच्यातून खडा काढून त्यानं पाटलांच्या उजव्या गुडघ्याशी ठेवला.

"ह्ये काय?"

सारंगनं रीत सांगितली. सांगताना त्याला लाज वाटली, कारण ही रीत काल पाळायला हवी होती हे पाटलांच्या नजरेत त्याला स्पष्ट दिसलं.

"म्हंजी माझंच बोलणं तू मला सांगणार," पाटील म्हणाले. "आन् मी हां म्हणलं तर तू बोलणार. न्हाई म्हणलं तर?"

"तर मला बोलता येणार नाही."

"आन् सभा?"

"सभेतही नाही."

पाटलांनी दोर खाली ठेवला.

"काल तुम्ही झिऱ्याचं काहीतरी म्हणाला होता," सारंग म्हणाला. "मी ऐकलं नाही. पुन्हा सांगाल का?"

गोठ्यात म्हैस खुंट्याला अंग घासत होती.

"मी वीस-बावीसचा आसंन," पाटील म्हणाले. "आसंच तळं भरलं हुतं. बांधाला भेग पडली. एक पंडित हुता, जवान, लई हुशार. म्हणला, दट्ट्या काढा, न्हाईतर बांध जातो. गाव भ्यालं. माझी आई तेवढी उभी ऱ्हायली. म्हणली, भेग वरची हाय, उन्हानं पडलेली. पाणी सोडू नगा, हत्तीचा भरवसा न्हाई. बाईमाणूस. तिला वाद कुठला येतोय? त्या पंडितानं तिचं एकेक बोलणं उचललं आन् एकेकाला नाव ठिवलं. लोक हासलं. आई खाली बसली."

"मग?"

"दट्ट्या निघाला. तळं गेलं. हत्ती आलाच न्हाई त्या साली."

सारंगला पुढचं ऐकायचं नव्हतं. तो ऐकत राहिला.

"शिमग्यापातूर झिरं खणत ऱ्हायलो. चार पुरुस खोल गेलो तवा वाटीभर पाणी लागायचं. आई खाली उतरली घागर घेऊन. कड ढासळली." पाटलांनी आपले हात उलटे करून बघितले. "मी हातानं माती उपसली. फावड्यानं लागंल तिला, म्हणून हातानं."

...

"आन् काल तू भर सभेत म्हणलास, त्ये विषयांतर हाय."

सारंग तसं म्हणाला होता. बोट वर करून, मोठ्यांदा म्हणाला होता, आणि दोघंचौघं हसलेही होते.

"तो पंडित कोण होता?" त्यानं विचारलं.

पाटलांनी टेकडीवरच्या मठाकडं बघितलं. "तू ज्याच्या पायाशी बसतोस, त्यो."

सारंगला उठून पळावंसं वाटलं. पण खडा पाटलांच्या गुडघ्याशी होता आणि ऊन ओसरीच्या पहिल्या पायरीवर आलं होतं.

"मी मांडतो," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "तुम्ही म्हणता, बांधाची भीती दाखवून एकदा या गावानं पाणी सोडलं. ज्यानं सोडायला लावलं त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. तरी पाऊस आला नाही. तुमची आई खरं बोलत होती, पण तिला ते मांडता आलं नाही, म्हणून ती हरली आणि झिऱ्यात गेली. म्हणून जो चांगलं बोलतो त्याच्या बोलण्यावर तुम्ही दट्ट्या काढणार नाही."

पाटलांनी खडा हातात घेतला. तळव्यावर घोळवला, अंगठ्यानं घासला.

"ह्यो तर तळ्यातला खडा," ते स्वतःशीच म्हणाले. "आसला काळा वरच्या गाळात घावत न्हाई. लई खोल लागतो."

मग त्यांनी तो परत आपल्या गुडघ्याशी ठेवला.

"एक ऱ्हायलं तुझं."

सारंग पुढं सरकला.

"बांध फुटला असता का, ह्ये कुणालाच कळलं न्हाई. रिकामं तळं काय फुटणार? त्यो पंडित म्हणला, मी गाव वाचवलं. आन् ते खोटं हाय हे मला आजपातूर दाखवता आलं न्हाई."

सारंगनं तेही मांडलं. शब्द सापडेनात, मध्ये दोनदा अडखळला. पाटील ऐकत होते. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

त्यांनी खडा सरकवला. "घे. आता बोल तुझं."

सारंगनं खडा मुठीत धरला. वही काखेत होती. सिद्ध काय करायचं, कारण कोणतं, दाखला कुठला, सगळं पाठ होतं. त्यानं तोंड उघडलं.

...

काहीच येईना. जे जे मांडावं ते ते त्या जवान पंडितानं मांडलेलं असणार, आणि तेही दोषाशिवाय.

"मला हत्तीचं ठाऊक नाही," शेवटी तो म्हणाला. "येईल की नाही, कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हा बांधाला भेग होती. यंदा भेग नाही, पाझर गढूळ आहे. सकाळी होता त्याहून आत्ता दाट आहे, मी हातात घेऊन बघितला. माझी ठकू खाली आहे. मला फार भीती वाटते, पाटील."

पाटील त्याच्याकडं बघत राहिले.

"ह्ये काल का न्हाई बोललास?"

"काल मला जिंकायचं होतं."

पाटलांनी कोपऱ्यातली काठी घेतली. "चल. पाझर दाव."

पाझरापाशी म्हातारा गुडघे टेकून बसला. त्यानं पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर गाळ काढला, बोटांत चोळला आणि थोडा जिभेला लावला. बांधाच्या पोटातली चिकण माती त्याला ओळखता येत होती. तो इतका वेळ तसाच बसला की सारंगला वाटलं, आता उठणारच नाही.

"पोटातलीच हाय," पाटील म्हणाले.

सभा झालीच, पण पान खायला लागतो तेवढ्याच वेळाची. पाटलांनी उभ्या उभ्या सांगितलं. दिवस मावळायच्या आत अख्खा कुंभारवाडा वर, बाया माझ्या घरात, ढोरं माझ्या गोठ्यात. आवा गेला तर जाऊ द्या, मडकी पुन्हा करता येतात. पाझरावर आधी वाळू, मग खडी, मग दगड. वाळूतून पाणी नितळ आलं तर बांधाची माती जागेवर राहील आणि तळंही राहील. गढूळच आलं तर दट्ट्या मी स्वतः काढीन, आणि उन्हाळ्यात झिरा खणायला पहिला मीच उतरेन.

माणसं उठून पाट्या आणायला गेली.

सारंगनं ठकूला धरून चढण चढवली. ती वाटेत दोनदा थांबली, पोटावर हात धरून. पाटलीणबाईंनी तिला आत नेलं आणि सारंगच्या तोंडावर दार लावून घेतलं. मग तो पाझरावर परतला आणि अंधारून येईपर्यंत वाळूच्या पाट्या टाकत राहिला. दगडांचा शेवटचा थर बसला तेव्हा पाणी थोडं कमी झालेलं दिसलं. नितळ की गढूळ, हे त्या उजेडात कुणालाच सांगता येईना. पाटील दट्ट्याशेजारी घोंगडं टाकून बसले होते. पूर्वेला ढग साचत होते.

दिवेलागणीला सारंग मठात आला. बाबा सकाळच्याच जागी बसले होते. पुढ्यातलं जेवणाचं पान तसंच झाकलेलं होतं.

"खडा दिला त्यानं?" त्यांनी विचारलं.

"दिला."

"ठकू?"

"वर आहे. पाटलांच्या घरी."

बाबांनी मोठा श्वास सोडला. दूर कुठंतरी गडगडलं आणि दोघांनीही एकदमच बांधाच्या दिशेला माना वळवल्या.

सारंगनं पंच्यातून खडा काढला. तो कोनाड्यात ठेवायला उठला, पण ठेवला नाही. परत येऊन त्यानं तो बाबांच्या उजव्या गुडघ्याशी ठेवला आणि समोर बसला.

"पाटील म्हणाले, असला खडा तळ्यात फार खोल लागतो."

बाबा खड्याकडं बघत होते.

"बाबा... हा मठात कसा आला?"

पुन्हा गडगडलं, या वेळी जवळ. बाबांनी हात पुढं केला. खड्याला न लावता तो जमिनीवर टेकवला.

"तुळाजीच्या आईनं दिलेला नाही, सारंग," ते म्हणाले. "तिच्या झिऱ्यातून मी उचललाय."